बदली खेळाडूंचे तीन सामने: न्यू यॉर्क जायंट्स, १९८७

नेहमीप्रमाणे हा एपिसोडचा लिखित मजकूर. बोलताना येणारे 'म्हणजे' आणि 'अ‍ॅक्चुअली' जमतील तेवढे काढलेत, थोडे राहिलेच असतील.

आजचा विषय अमेरिकन फुटबॉल. तो हेल्मेटवाला. मला त्यातलं दोन वर्षांपूर्वीपर्यंत काहीही कळत नव्हतं. मग पुण्यात मला एका प्रोजेक्टवर टाकलं. क्लायंट अमेरिकेतला, आणि तिथली जुनी टीम जाणार होती. आमच्याकडे त्याला 'केटी' म्हणतात, नॉलेज ट्रान्स्फर. म्हणजे जो माणूस जाणार आहे त्यानेच त्याच्या जागी येणाऱ्याला सगळं शिकवायचं. सहा आठवडे रोज रात्री आठ ते बारा कॉल. शिकवणारा पन्नाशीचा, न्यू जर्सीचा. त्याचं नाव सांगत नाही, कंपनीचंही नाही. पंधरा वर्षं त्याने सांभाळलेला कोड तो मला ओळीओळीने समजावत होता, आणि त्याची नोकरी कशामुळे जातेय हे आम्हा दोघांनाही माहीत होतं. बिल्ड चालू असताना पाच-सात मिनिटं रिकामी मिळायची. त्यात तो फुटबॉलबद्दल बोलायचा. एकदा मी सहज विचारलं, तुझ्या टीमचा सगळ्यात वाईट सीझन कुठला? तो म्हणाला, १९८७. तेव्हा तो बारा वर्षांचा होता.

आता जरा मागे जाऊ. न्यू यॉर्क जायंट्स ही टीम १९८६ च्या हंगामात अफाट खेळली. १६ पैकी १४ सामने जिंकले. २५ जानेवारी १९८७ ला सुपर बोलमध्ये डेन्व्हरला ३९-२० असं हरवलं. क्वार्टरबॅक फिल सिम्सने २५ पैकी २२ पास बरोबर दिले. अंतिम सामन्यात एवढी अचूकता म्हणजे काय, हे क्रिकेटमध्ये कशाशी जुळवून सांगावं मला अजून सुचलेलं नाही. लॉरेन्स टेलर नावाचा लाइनबॅकर तर त्या वर्षीचा अख्ख्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता, जो मान बचाव करणाऱ्याला सहसा मिळतच नाही. कोच बिल पार्सेल्स. पुढची चार-पाच वर्षं यांचीच, असं सगळ्यांना वाटत होतं.

पुढचा हंगाम सुरू झाला आणि पहिल्याच सामन्यात शिकागोने ३४-१९ ने धुतलं. दुसरा सामना घरच्या मैदानावर, डॅलसविरुद्ध, १६-१४ ने गेला. लगेच २२ सप्टेंबरला खेळाडूंच्या युनियनने संप पुकारला.

मागणी मुख्यतः एकच, फ्री एजन्सी. त्या काळी करार संपला तरी खेळाडूला मनासारखं दुसऱ्या टीमकडे जाता येत नव्हतं. नव्या टीमने ऑफर दिली तर जुनी टीम तेवढेच पैसे देऊन त्याला अडवू शकायची, नाहीतर बदल्यात मोठी भरपाई मागू शकायची. त्यामुळे कुणी ऑफरच द्यायचं नाही. आयटीवाल्यांनो, तुमचा नोटीस पीरियड आयुष्यभराचा आहे अशी कल्पना करा.

१९८२ मध्येही संप झाला होता, तब्बल ५७ दिवसांचा. तेव्हा मालकांनी सामनेच बंद ठेवले आणि हंगाम ९ सामन्यांवर आला. १९८७ मध्ये मालक हुशार झाले होते. एक आठवड्याचे सामने रद्द केले आणि पुढच्या आठवड्यापासून नवीन माणसं मैदानात उतरवली. ट्रेनिंग कॅम्पमधून काढलेले, कॉलेजनंतर खेळ सुटलेले, कुठेतरी नोकरी करणारे. जर्सी तीच आणि टीव्हीवर प्रक्षेपण तेच. मुख्य म्हणजे या सामन्यांचे निकाल गुणतक्त्यात धरले जाणार होते.

इंग्रजीत त्यांना 'स्कॅब' म्हणत होते. आपल्याकडे संपफोड्या. पण माझ्या डोक्यात आला तो गिरणीतला शब्द, 'बदली'. माझे आजोबा लालबागच्या एका गिरणीत आधी बदली कामगार होते. रोज सकाळी गेटवर उभं राहायचं, एखादा कायम कामगार आला नाही तर त्याच्या मागावर काम मिळायचं. बदलीला कुणी शिवी देत नव्हतं, सगळ्यांनी सुरुवात तिथूनच केलेली. पुढे ते कायम झाले, आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख कामगार संपावर गेले त्यात तेही होते. नंतर परत कधी गिरणीत गेले नाहीत. त्यांच्या तोंडी 'बदली' आणि 'संपफोड्या' हे शब्द अगदी वेगवेगळ्या स्वरात यायचे. १९८७ च्या त्या फुटबॉलवाल्यांना यातला कुठला शब्द लावायचा, हे माझं अजून ठरत नाही.

तर, जायंट्स. बदली टीम जमवण्याची तयारी या क्लबने उशिरा आणि अर्ध्या मनाने केली, असं तेव्हापासून म्हटलं जातं. पहिला सामना ५ ऑक्टोबरला, सोमवारी रात्री, सॅन फ्रान्सिस्कोविरुद्ध. त्यांचा कोच बिल वॉल्श, पासिंगचा जादूगार. त्याने बदल्यांसाठी कॉलेजात खेळली जाणारी 'विशबोन' रचना काढली, ज्यात पळत जाऊनच बॉल पुढे न्यायचा. जायंट्सचा बचाव तेव्हा बिल बेलिचिक बघायचा. हो, तोच, पुढे न्यू इंग्लंडला सहा सुपर बोल जिंकून देणारा. निकाल ४१-२१. सहा दिवसांनी वॉशिंग्टनकडून ३८-१२. सुमारे ७६ हजारांचं स्टेडियम, आणि आत दहा हजार माणसंसुद्धा नाहीत.

माझ्या केटीवाल्याच्या घरी या दोन्ही सामन्यांची तिकिटं होती. वडिलांनी सीझन तिकिटासाठी कित्येक वर्षं वाट बघितली होती. ते बांधकामावर होते, युनियनवाले. त्यांनी तिकिटं फ्रिजवर लोहचुंबकाने लावून ठेवली आणि कुणी जायचं नाही म्हणून सांगितलं. टीव्हीसुद्धा लावायचा नाही. हा पोरगा शेजाऱ्यांकडे जाऊन गुपचूप बघून आला. हे सांगताना तो थोडा हसला, आणि मग बिल्ड संपला.

तिसरा सामना १८ ऑक्टोबरला बफलोत. त्या आठवड्यात लॉरेन्स टेलर संप मोडून कामावर आला. फुटबॉलमध्ये पगार सामन्यागणिक मिळायचा, सामना नाही तर पैसा नाही, आणि त्याचे आठवड्याला हजारो डॉलर जात होते. लीगमधला सर्वोत्तम बचावपटू आणि समोर हौशी म्हणावेत असे खेळाडू. तरी जायंट्स ओव्हरटाइममध्ये ६-३ ने हरले. एकटा माणूस काय करणार!

खरी कडू गोष्ट म्हणजे संप तीन दिवस आधीच, १५ ऑक्टोबरला मिटला होता. मिटला कसला, मोडला. खेळाडू हात हलवत परत आले, तर मालक म्हणाले, बुधवारची मुदत गेली, या आठवड्यात बदलीच खेळणार. चौथ्या सामन्याचाही पगार बुडाला.

०-५. इथून टेलर, सिम्स वगैरे मंडळींनी उरलेल्या दहापैकी सहा जिंकले. एकूण ६-९, गटात शेवटचा नंबर. कायम टीमने खेळलेले सामने वेगळे काढले तर ६-६. बदल्यांनी तिन्ही जिंकले असते तर ९-६, आणि त्या वर्षी मिनेसोटा ८-७ वर प्लेऑफमध्ये गेलं. म्हणजे संपाने घात केला, असं म्हणता येतं.

पण मिनेसोटाच्या बदल्यांनीही तिन्ही सामने हरलेच होते की. त्यांच्या कायम खेळाडूंनी १२ पैकी ८ जिंकले, जायंट्सच्या कायमांनी ६. नोव्हेंबरच्या शेवटी वॉशिंग्टनमध्ये मध्यंतराला आघाडीवर असून जायंट्स २३-१९ ने हरले, त्यात बदली कुणी नव्हता. संपाआधीचे दोन पराभवही यांचेच. हे मी माझ्या केटीवाल्याला मेसेजवर लिहिलं. त्याने उत्तर दिलं की हा हिशोब त्याने तेराव्या वर्षीच केला होता, वडिलांना दाखवला नव्हता इतकंच.

आता वॉशिंग्टन. त्यांनी बदल्यांची तयारी आधीपासून केली होती. त्यांचा एकही कायम खेळाडू संप सोडून आला नाही, आणि बदल्यांनी तिन्ही सामने जिंकले. शेवटचा तर डॅलसविरुद्ध, ज्यांच्याकडून डॅनी व्हाइट, टोनी डॉर्सेटसारखे कायम खेळाडू उतरले होते. १३-७. वॉशिंग्टन पुढे सुपर बोलही जिंकलं, डेन्व्हरलाच ४२-१० ने हरवून. एकजूट त्यांच्या खेळाडूंनी राखली, आणि अंगठी मिळाली ती संपफोड्यांच्या तीन विजयांच्या मदतीने. मला हे पचायला वेळ लागला.

युनियन ज्या दिवशी परतली त्याच दिवशी कोर्टात गेली. १९८९ मध्ये खटला लढता यावा म्हणून तिने युनियन असणंच सोडलं. १९९२ मध्ये फ्रीमन मॅक्नीलच्या खटल्यात ज्युरीने मालकांचे नियम बेकायदा ठरवले. हा मॅक्नील जेट्सचा, जे त्याच स्टेडियममध्ये खेळायचे. १९९३ पासून फ्री एजन्सी आली. संपावर गेलेल्यांपैकी बरेच जण तोवर निवृत्त झाले होते.

वॉशिंग्टनच्या बदल्यांना २०१८ मध्ये, ३१ वर्षांनी, सुपर बोलच्या अंगठ्या दिल्या. जायंट्सच्या बदल्यांना द्यायला अर्थात काहीच नव्हतं.

आमचा शेवटचा कॉल शुक्रवारी होता. त्याने पासवर्डची फाइल पाठवली, एका स्क्रिप्टबद्दल सांगितलं की ती दर महिन्याच्या एक तारखेला अडकते, हाताने रीस्टार्ट कर. अजूनही अडकते. मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, तू सॉरी कशाला, तुला बोलावलं म्हणून तू आलास. आजोबा असते तर त्यांनी काय म्हटलं असतं, याची मला तितकीशी खात्री नाही.

आता तो दुसरीकडे लागलाय, पगार कमी. दर रविवारी स्कोअर पाठवतो. जायंट्स सध्या काही धड खेळत नाहीत.

पुढच्या भागात पुन्हा क्रिकेट, काळजी नसावी. भेटू.