शिक्षा, समेट आणि अभ्यासाची अपेक्षा
(सुवर्ण महोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



चुकलेल्या विद्यार्थ्याचे शाळेने काय करावे, हा प्रश्न जितका जुना तितकाच अवघड आहे. अमेरिकेतील सार्वजनिक, म्हणजे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळांनी गेल्या तीस वर्षांत या प्रश्नाची दोन परस्परविरोधी उत्तरे देऊन पाहिली. दोहोंचे फलित काय, याचा विचार येथे करावयाचा आहे.

पहिले उत्तर कठोरतेचे होते. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार शाळेत बंदूक आणणाऱ्या विद्यार्थ्याला किमान एक वर्ष शाळेबाहेर काढणे बंधनकारक झाले. हेतू रास्तच होता. परंतु ‘झिरो टॉलरन्स’ या नावाने तीच कठोरता पुढे उद्धट उत्तर देणे, शिक्षकांचे न ऐकणे अशा किरकोळ गोष्टींनाही लागू झाली. तिचा भार सर्वांवर सारखा पडला नाही. २०११-१२ च्या केंद्रीय आकडेवारीनुसार शाळापूर्व वर्गांच्या पटावर कृष्णवर्णीय बालके १८ टक्के होती. एकाहून अधिक वेळा निलंबित झालेल्यांत मात्र ती ४८ टक्के होती. चार वर्षांच्या बालकाला घरी धाडून कोणती शिस्त साधते, हे त्या व्यवस्थेलाच ठाऊक!

व्यापाराच्या भाषेत बोलायचे तर निलंबन म्हणजे येणे बुडीत खाती टाकणे होय. वसुलीची दगदग वाचते, पण रक्कम कायमची जाते.

दुसऱ्या उत्तराचा उगम शाळेत नव्हे, न्यायालयात झाला. १९७४ मध्ये कॅनडातील एल्मायरा या गावी दोन तरुणांनी एका रात्रीत २२ ठिकाणी नासधूस केली. मार्क यांत्झी या परिवीक्षा अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचविले की, या तरुणांनी नुकसान झालेल्यांच्या दारी जावे, त्यांना सामोरे जावे. न्यायाधीशांनी ते मानले. तरुण घरोघरी गेले, लोकांचे बोलणे ऐकून घेतले आणि नंतर भरपाईही दिली. या पद्धतीला ‘रिस्टोरेटिव्ह जस्टिस’, म्हणजे बिघडलेले पूर्ववत करणारा न्याय, असे नाव रूढ झाले.

कॅलिफोर्नियातील ओकलंड शहराने २००५ मध्ये कोल मिडल स्कूल या एका शाळेत हा प्रयोग आरंभिला आणि २०१० मध्ये तेथील शिक्षण मंडळाने ठराव करून तो आपलासा केला. भांडण झाले की संबंधित मुले, शिक्षक, प्रसंगी पालक वर्तुळात बसतात. एखादी वस्तू हातोहात फिरते; ती ज्याच्या हाती, त्यानेच बोलावयाचे, इतरांनी ऐकावयाचे. प्रश्न मोजकेच असतात. काय घडले? त्या वेळी मनात काय होते? कोणाला झळ पोहोचली? आता ते भरून कसे काढणार? शेवटचा प्रश्न सर्वांत जड, कारण त्याचे उत्तर कृतीने द्यावे लागते. घरी बसून दूरदर्शन पाहण्यापेक्षा हे कितीतरी कठीण! क्षमापनेची परंपरा जपणाऱ्या समाजाला हे वेगळे सांगावयास नको की, दोष नेमका उच्चारल्याविना मागितलेली क्षमा हा केवळ उपचार ठरतो.

येथपर्यंतची कथा सुखद आहे. परंतु पिट्सबर्ग शहरात २०१५ ते २०१७ या दोन शालेय वर्षांत ४४ शाळांची पाहणी झाली. निम्म्या शाळांत नवी पद्धत, निम्म्यांत जुनीच. रँड या संशोधन संस्थेने २०१८ च्या अखेरीस निष्कर्ष प्रसिद्ध केले. नव्या पद्धतीच्या शाळांत निलंबने घटली, शिक्षकांना शाळेचे वातावरण सुधारल्याचे जाणवले. पण अभ्यासातील प्रगती वाढली नाही आणि सहावी ते आठवीच्या विद्यार्थ्यांची तर घसरली. शिकागोच्या शाळांविषयी २०२३ मध्ये आलेला अभ्यास अधिक दिलासा देतो. तेथे निलंबने सुमारे १८ टक्क्यांनी घटली व गुणांची हानीही झाली नाही. मात्र लाभही दिसला नाही.

यावरून समेटाची पद्धत व्यर्थ ठरते काय? तसे नव्हे. वर्तुळाने मुलाला वर्गात परत आणले. परत आल्यावर त्याच्यापुढे काय ठेवावयाचे, हे काम वर्तुळाचे नव्हतेच. ‘बिचारा परिस्थितीने गांजलेला, त्याला सोपेच गणित द्या’ ही दयासुद्धा एका अर्थाने निलंबनच होय. मूल बाकावर असते, अभ्यासातून मात्र बाहेर काढलेले असते.

ज्युडिथ क्लाइनफेल्ड या विदुषीने अलास्कातील एस्किमो व आदिवासी विद्यार्थ्यांच्या शिक्षकांचे निरीक्षण करून १९७५ मध्ये मांडले की, या मुलांना खरोखर पुढे नेणारे शिक्षक जिव्हाळा लावणारे होते आणि कामाचा आग्रह धरणारेही होते. कोरडा आग्रह मुलांना दूर लोटत होता. नुसता जिव्हाळा त्यांना होते तेथेच ठेवत होता.

याचे प्रत्यंतर पूर्व लॉस एंजेलिसच्या गारफील्ड हायस्कूलमध्ये पाहावयास मिळाले. मेक्सिकन वंशाच्या श्रमिकांची मुले, नावलौकिक यथातथाच. तेथे बोलिव्हियाहून आलेले हाइमे एस्कालांते १९७४ मध्ये रुजू झाले. या मुलांना बेरीज-वजाबाकी पुरे, या समजुतीला झुगारून त्यांनी कॅल्क्युलसचा वर्ग काढला. सकाळी शाळेपूर्वी, सायंकाळी शाळेनंतर, शनिवारी, उन्हाळ्याच्या सुटीतही ते शिकवीत. थट्टा करीत, रागावत, पण कोणाला सोडीत नसत. १९८२ मध्ये त्यांचे १८ विद्यार्थी महाविद्यालयीन दर्जाच्या परीक्षेत उत्तीर्ण झाले. परीक्षा मंडळाला विश्वासच बसेना! १४ जणांवर नकलेचा संशय घेण्यात आला. त्यांपैकी १२ जणांनी पुन्हा परीक्षा दिली आणि बाराही जण उत्तीर्ण झाले. ज्या परिसरातील मुलांकडून कोणी काही अपेक्षिले नव्हते, तेथील यशाचीही प्रथम चौकशीच झाली, ही बाब त्या अपेक्षांविषयी बरेच काही सांगून जाते.

एवढे श्रम एका माणसाच्या खांद्यावर किती काळ टिकणार? एस्कालांते यांनी १९९१ मध्ये गारफील्ड सोडले आणि काही वर्षांतच तेथील कॅल्क्युलसच्या उत्तीर्णांची संख्या झपाट्याने खाली आली. ओकलंडमध्येही २०१९ च्या अंदाजपत्रकात कपातीची वेळ आली, तेव्हा समेटाच्या कार्यक्रमाला कात्री लागली. वर्तुळ चालविण्यास प्रशिक्षित माणूस लागतो आणि कठीण गणित शिकविण्यासही. दोघांचे वेतन एकाच तिजोरीतून द्यावे लागते. कॅलिफोर्नियाने २०२३ मध्ये कायदा करून केवळ अवज्ञेच्या कारणावरून सहावी ते बारावीच्या विद्यार्थ्यांना निलंबित करण्यास मनाई केली. तिची मुदत २०२९ च्या जुलैपर्यंत आहे.