काळ्या मातीच्या गावी आपले स्वागत



स्वागत समितीच्या वतीने मी निरनिराळ्या प्रयोगशाळांतून आलेल्या आपणा सर्वांचे नागपुरात मनःपूर्वक स्वागत करतो. १९५८ पासून राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था (नीरी) या शहरात काम करते आहे. इथे ही परिषद भरते आहे याचा आम्हाला मनापासून आनंद आहे.

मातीतली डीडीटी, पीसीबी किंवा पीएएच ही प्रदूषक द्रव्ये मोजायची, तर आधी ती मातीच्या कणांपासून सोडवावी लागतात. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ मध्ये दुधातल्या स्निग्धांशासाठी सुचवलेले काचेचे उपकरण त्यासाठी आजही वापरले जाते. काम चोख होते, पण दहा ग्रॅम मातीला सुमारे ३०० मिलिलिटर द्रावक आणि १६ ते २४ तास लागतात. डायक्लोरोमीथेन या द्रावकाच्या वाफेत उभे राहून ज्यांनी असे अर्क काढले, त्या तंत्रज्ञांचे ऋण मी इथे मानतो.

दाबाखाली स्वयंचलित निष्कर्षण करणारे यंत्र १९९५ च्या सुमारास बाजारात आले. पोलादी सेल, साधारण १०० अंश सेल्सिअस, वातावरणाच्या सुमारे शंभरपट दाब. उकळबिंदू ओलांडूनही द्रावक द्रवरूपच राहते, कणांच्या फटींत शिरते, आणि वीसेक मिनिटांत अर्क हाती येतो. द्रावक तर सेलच्या आकारमानाच्या दीडपटच लागते. हा बदल मला फार मोलाचा वाटतो.

मात्र आमच्या काळ्या मातीची पारख स्वतंत्रपणेच करायला हवी. ती पाणी धरते, फुगते, आणि ओलीच भरली तर सेलची गाळणी तुंबते. भट्टीत वाळवावी, तर नॅफ्थलीनसारखी हलकी द्रव्ये उडून जातात. डायटोमाइट मिसळून ती मोकळी करून घेणे हाच खात्रीचा मार्ग. आणखी एक गोष्ट: काल मातीत घातलेले डीडीटी सहज सुटते, तीस वर्षे मुरलेले तितके सहज सुटत नाही. म्हणून घातलेल्या द्रव्याची रिकव्हरी ९५ टक्के आली, एवढ्यावर मी यंत्राला पास करणार नाही. त्याची परीक्षा शेतातल्या जुन्या अंशांवरच व्हावी. अशा जुन्या अंशांपैकी एक एंडोसल्फान या कीटकनाशकाचा: त्यावर २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. त्याआधी कापसावर त्याची फवारणी होत असे.

दाराशी विदर्भातल्या कापसाच्या शेतांतली माती बाटल्यांत ठेवली आहे. जाताना एकेक बाटली न्या, सॉक्सलेट आणि यंत्र दोन्हींनी तपासा, आणि ब्लँकच्या (माती न घालता केलेल्या चाचणीच्या) आकड्यांसह निकाल आम्हाला कळवा, ही आग्रहाची विनंती.