पहिला रोजा आणि सायकल

(नागापूर येथे तरुणांसमोर केलेले भाषण)



गेल्या रमजानमध्ये माझ्या नऊ वर्षांच्या भाच्यानं पहिला रोजा ठेवला. संध्याकाळी रोजाकुशाईला पाहुणे जमले, गळ्यात हार पडला. मी विचारलं, "कसं वाटलं रे?" तो म्हणाला, "मामू, सायकल उद्या आणायची ना?" सगळे हसले. मीही हसलो. सायकल मीच कबूल केली होती.

घरी परतताना मात्र ते बोलणं टोचत राहिलं. दिवसभर भूक-तहान सोसलेल्या मुलाला स्वतःचा अभिमान वाटायच्या आतच मी त्याच्या रोजाची किंमत ठरवून टाकली होती.

मुलं वस्तूंच्या मागे लागली की आपण मोबाइलला आणि जाहिरातींना दोष देतो. तो दोष खोटा नाही. बारा वर्षांखालील मुलांना उद्देशून टीव्हीवर जाहिराती करायला स्वीडनमध्ये 1991 पासून बंदी आहे. आपल्याकडेही 2022 मध्ये मुलांसाठीच्या जाहिरातींवर नियम आले. पण घरातल्या सवयींना कोणता कायदा आवर घालणार?

अमेरिकेत मार्शा रिचिन्स आणि लॅन चॅप्लिन यांचा एक अभ्यास 2015 मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी ज्यांना बक्षीस म्हणून वस्तू मिळत आणि शिक्षा म्हणून काढून घेतल्या जात, ती माणसं मोठेपणी वस्तूंवरून स्वतःला आणि इतरांना अधिक मोजतात, असं त्यात दिसलं. चॅप्लिन यांच्याच 2007 च्या अभ्यासात बारा-तेराव्या वर्षी वस्तूंची ओढ वाढलेली आणि आत्मविश्वास घसरलेला आढळला. सोबत्यांनी त्यांच्याबद्दल चार चांगले शब्द लिहून दिले, तेव्हा ती ओढ कमी झाली.

आता आपल्या घरात डोकावू. इथे एमआयडीसी दाराशी आहे. ओव्हरटाइम करून अब्बा येतात तेव्हा लेकरू झोपलेलं असतं. मग उशाशी खेळणं ठेवतात. त्यात खोट नाही, माया आहे. पण फक्त खेळणंच भेटलं, तर माया म्हणजे वस्तू हेच मुलाला कळतं. ईदला आपण विचारतो, "ड्रेस केवढ्याचा? ईदी किती जमली?" लग्नात जहेजचं सामान मांडून ठेवतो. मुलं ते बघत असतात.

तुमच्यापैकी बरेच जण अजून आईबाप नाहीत. पण मामू, खाला, मोठे भाऊ-बहीण आहात. ईदी तुमच्या हातून जाते. या ईदला किती जमली, हे विचारू नका. त्यातून कुणाला काय दिलंस, हे विचारा. घरचा फितरा मुलाच्या हातानं द्या. घरात पगार किती येतो, किराण्याला किती जातो, हे त्याला सोबत बसवून सांगा. अर्धा तास मोबाइल बाजूला ठेवून त्याच्याशी खेळा.

सायकल मी दुसऱ्या दिवशी आणली. शब्द दिला होता. भाच्याला एवढंच सांगितलं, "ही शाळेत जायला आहे. रोजा तुझा तू ठेवलास." तो क्षणभर थांबला, मग म्हणाला, "मामू, दुपारी लई तहान लागली होती. तरी नाही प्यायलो."

आदल्या दिवशी मला हेच ऐकायला हवं होतं.