हिरव्या गोळीतलं शेवाळ

औषधाच्या दुकानात स्पिरुलिनाची गर्द हिरवी गोळी तुम्ही पाहिली असेल. हे निळं-हिरवं शेवाळ म्हणजे खरं तर सूर्यप्रकाशावर जगणारे जिवाणू. आपल्या लोणार सरोवराच्या खाऱ्या, अल्कधर्मी पाण्यातही ते वाढतात. आफ्रिकेत चाड सरोवराकाठच्या कानेंबू बायका हे शेवाळ पाण्यावरून गोळा करतात, वाळूवर ओतून सुकवतात आणि त्याच्या वड्या कालवणात घालतात.

वाळलेल्या स्पिरुलिनात निम्म्याहून अधिक प्रथिनं असतात, हे खरंच. पण आपण खाणार चमचाभर! तेवढी प्रथिनं वाटीभर घट्ट वरणातून सहज मिळतात. शाकाहारी मंडळी बी-१२ जीवनसत्त्वासाठी स्पिरुलिना घेतात. मात्र त्यातलं बहुतेक बी-१२ आपल्या शरीराला वापरताच येत नाही.

धोका आहे तो भेसळीचा. उघड्या तळ्यातून काढलेल्या शेवाळात मायक्रोसिस्टिन हे विष तयार करणाऱ्या जाती मिसळू शकतात. हे विष यकृतावर घाला घालतं आणि पाणी उकळूनही जात नाही. १९९६ साली ब्राझीलच्या कारुआरू शहरात हे विष डायलिसिसच्या पाण्यात आलं आणि ५० हून अधिक रुग्ण दगावले.

म्हणून नियंत्रित टाक्यांत वाढवलेलं, विषाची तपासणी झालेलंच स्पिरुलिना घ्या. गरोदर स्त्रिया, यकृताचे किंवा स्वयंप्रतिकार आजाराचे रुग्ण यांनी आधी डॉक्टरांना विचारावं. फिनाइलकीटोन्यूरिया हा आनुवंशिक आजार असलेल्यांनी ते टाळावंच. आणि उन्हाळ्यात गावतळ्यावर हिरवा तवंग दिसला, तर त्यातही हेच विष असू शकतं; गुरांना तिथं पाणी पाजू नका.