क्रियापदातील 'व'
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी कार्यक्रमातील भाषण)



दिल्लीतील मराठीविषयी बोलताना आपण बहुधा हिंदी-इंग्रजी शब्दांच्या भेसळीबद्दल हळहळतो. मला त्या भेसळीचे फारसे भय वाटत नाही. 'गैर', 'बे', 'खोर' ही मंडळी फारसीच्या वाटेने आपल्याकडे आली. आपण त्यांना स्वतःच्या शब्दांशी जोडून गैरसमज, गैरसोय, बेभान, भांडखोर असे शब्द घडविले, आणि आज त्यांना परके म्हणण्याचे धाडस कोणी करणार नाही. चिंता वाटते ती प्रत्यय गळून पडण्याची.

उदाहरणार्थ 'व' हे एकच अक्षर घ्या. धातू आणि शेवटचा प्रत्यय यांच्या मध्ये ते शिरते आणि क्रियापदाचा अर्थच पालटते. 'मुलगा चालतो', पण 'मुलगा गाडी चालवतो'. हे प्रयोजक क्रियापद. ग्रंथिक भाषेत 'चालवितो'. देवाला आपण 'कर्ता-करविता' म्हणतो, तेथेही हीच किमया आहे. आता 'आजोबांना चालवत नाही' हे वाक्य पाहा. येथे कोणी कोणाला चालवीत नाही. आजोबांच्या अंगी चालण्याची शक्ती उरलेली नाही, एवढेच. व्याकरणकार यास शक्य क्रियापद म्हणतात. मोरो केशव दामले यांच्या १९११ सालच्या 'शास्त्रीय मराठी व्याकरणा'त अशा रूपांची चिकित्सा जिज्ञासूंनी अवश्य पाहावी. 'मुलगा गणित सोडवत नाही' आणि 'आईला घर सोडवत नाही' या दोन वाक्यांत क्रियापद अक्षरशः एकच आहे. पहिल्यात आळस आहे, दुसऱ्यात जीव गुंतलेला आहे.

अशी घडण जगात अन्यत्रही आढळते. फिलिपाइन्समधील टागालोग भाषेत 'सुलात' म्हणजे लिहिणे. त्याच्या पोटात 'उम' घातला की 'सुमुलात' होते आणि लक्ष लिहिणाऱ्याकडे वळते. 'इन' घातला की 'सिनुलात' होते आणि लक्ष लिहिलेल्या वस्तूकडे जाते. तेथे प्रत्यय धातूच्याच पोटात शिरतो, आपला 'व' धातूच्या पाठीशी उभा राहतो, इतकाच फरक.

आपल्या मुलांच्या बोलण्यातून हा दुसरा 'व' नाहीसा होत आहे. ती म्हणतात, 'मी हे बघू शकत नाही.' वाक्य शुद्ध आहे. पण त्यातून दृष्टी अधू असल्याचा किंवा मध्ये काही आडवे आल्याचा बोध होतो. 'मला हे बघवत नाही' यातील कळवळा त्यात कोठून येणार? हिंदीत तो 'मुझसे देखा नहीं जाता' असा व्यक्त होतो, म्हणजे त्या भाषेचा यात दोष नाही. दोन भाषांच्या मध्ये मुलांच्या हातून तो निसटतो. गावाकडून आजी दूरध्वनीवर 'बाळा, आता फार बोलवत नाही रे' म्हणाली, तर नातवाला ती कोणाला तरी बोलावीत नाही असे वाटावे, ही मला साधी गोष्ट वाटत नाही. यावर वर्ग घेऊन उपयोग नाही. जेवताना 'आता खाववत नाही' हे आपणच म्हटले पाहिजे.

नामांचीही तीच अवस्था आहे. 'बारिश में' म्हणताना 'बारिश' जागची हलत नाही, म्हणून 'पावसात'चे 'पाऊसमध्ये' होते, 'शाळेत'चे 'शाळामध्ये'. करोल बागेत राहणारी मुले 'करोल बागमध्ये' राहू लागतात. वास्तविक गावांची नावे वाकविण्यात मराठी मोठी धीट. शिवछत्रपती १६६६ साली आग्र्याहून निसटले. 'आग्राहून' निसटले असे कोणी म्हणत नाही. नोएडाचे मात्र अजून ठरावयाचे आहे. ते नाव म्हणजे एका प्राधिकरणाच्या इंग्रजी आद्याक्षरांची मोळी. त्याला कसले आले सामान्यरूप! तरीही कोणी 'नोएड्याला जाऊन येतो' म्हणाले की माझा कान सुखावतो, आणि मी स्वतः 'नोएड्याला'च म्हणतो.