भाकरी आधी की हवा आधी?

(पहाडगंज, नवी दिल्ली येथे मराठी कामगारांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



या सभागृहाबाहेर पाऊल टाकले की नवी दिल्ली स्टेशनचा गजबजाट कानांवर येतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वाडवडील वळकटी आणि पत्र्याची ट्रंक घेऊन याच स्टेशनावर उतरले. कोणी रेल्वेत चिकटले, कोणी सरकारी कचेरीत. खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी मुलखातले तरुण सोन्याचांदीच्या गलाईच्या कामाला देशभर गेले, तसे दिल्लीतही आले. मुले इथल्याच नूतन मराठी शाळेत शिकली. पोट भरण्यासाठी आपण या शहरात आलो. आज प्रश्न असा आहे की, या शहरात श्वास कसा घ्यायचा?

पर्यावरणाचा विषय निघाला की कामगारांच्या सभेत चुळबुळ होते. हे भरल्या पोटाचे चोचले आहेत, आधी भाकरी, मग हवा, असे म्हटले जाते. आम्हीही अनेक वर्षे असेच म्हणत आलो. आज त्याची कबुली देण्यासाठी उभे आहोत.

आठवून पाहा. खात्यात आम्लाची वाफ कोंडली, धुळीने छाती भरली, की आपण मागणीपत्रात काय लिहीत होतो? धोका भत्ता वाढवा, गूळ द्या, दूध द्या. भत्ता वाढला की गेटवर गुलाल उधळत होतो. वाफ मात्र तिथेच राहिली. आपण विषाचा भाव वाढवून घेतला, विष थांबवले नाही. २ डिसेंबर १९८४ च्या रात्री भोपाळमध्ये कारखान्याची भिंत ओलांडून वायू वस्तीत शिरला, तेव्हा हजारो माणसे मेली. ती वस्ती गरिबांची होती. कारखान्याच्या आतली सुरक्षितता आणि बाहेरचे पर्यावरण हा एकच प्रश्न आहे, हा धडा आपण त्या रात्रीनंतर तरी शिकायला हवा होता.

आपण तो प्रश्न हाती घेतला नाही, म्हणून दुसऱ्यांनी घेतला. ८ जुलै १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतील १६८ घातक कारखाने ३० नोव्हेंबरपासून बंद करण्याचा किंवा बाहेर हलवण्याचा आदेश दिला. दिल्लीची हवा खराब होती यात शंका नाही. न्यायालयाने कामगारांसाठी भरपाईही ठरवून दिली. पण भरपाई मिळते ती हजेरीपटावरच्या नावाला. बदली, रोजंदारी आणि कंत्राटी कामगार, ज्याचे नाव कुठल्याच कागदावर नव्हते, त्याने कोणाकडे जायचे? नोव्हेंबर २००० मध्ये वस्त्यांतल्या छोट्या कारखान्यांवर कारवाई सुरू झाली, तेव्हा माणसे रस्त्यावर उतरली आणि गोळीबार झाला. बसगाड्यांना सीएनजी सक्तीचा झाला. त्या निर्णयाने धूर कमी झाला, हे आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. पण गॅस पुरेसा नसताना पंपांसमोर रात्र-रात्र रांगेत कोण बसले? ड्रायव्हर बसला.

आता दर हिवाळ्यात तेच घडते. हवा बिघडली की बांधकामे बंद होतात. मोठ्या मोटारीत बसणाऱ्याच्या खिशाला झळ लागत नाही. विटा वाहणाऱ्या बाईची त्या दिवशीची मजुरी मात्र बुडते, आणि उघड्यावर सर्वांत जास्त विषारी हवाही तीच घेते. नोव्हेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राज्यांना सांगितले की, बांधकाम कामगारांसाठी जमा केलेल्या उपकरातून या मजुरांना निर्वाह भत्ता द्या. दिल्लीत नोंदणी झालेल्यांना ५,००० रुपये जाहीर झाले. ही चांगली सुरुवात होती. पण इथेही अट नोंदणीचीच. ज्याची नोंद नाही, त्याची चूलही नाही असे धरायचे का?

बंधूंनो, हा केवळ दिल्लीचा प्रश्न नाही. कारखानदारी सुरू होण्यापूर्वी हवेत कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या वर गेला आहे. २०२४ हे साल जगाच्या नोंदीतले तोपर्यंतचे सर्वांत उष्ण साल ठरले. कोळसा कमी करावा लागणार, हे ठरल्यासारखेच आहे. दिल्लीच्या वेशीवरचे बदरपूरचे कोळशाचे वीजकेंद्र ऑक्टोबर २०१८ मध्ये कायमचे बंद झाले. उद्या हा प्रश्न आपल्या विदर्भात येईल. चंद्रपूरचे औष्णिक वीजकेंद्र २,९२० मेगावॉटचे आहे. भोवती कोळशाच्या खाणी, खाणींभोवती गावे, आणि गावांत कंत्राटदाराच्या हाताखाली राबणारी माणसे. २०१५ च्या पॅरिस कराराच्या प्रास्ताविकात कामगारांसाठी न्याय्य बदलाचा उल्लेख आला आहे. पण प्रास्ताविकातला शब्द आपोआप पगारपत्रकात येत नाही. तो आणावा लागतो आणि आणणारी संघटना लागते.

मग आशा कुठे आहे? आम्ही एक उदाहरण सांगतो. ते आपल्याच मातीतले आहे.

या भागाच्या नावात पहाड आहे. पण दिल्लीने स्वतःच्या हातांनी तीन पहाड रचले: गाझीपूर, भलस्वा आणि ओखला. तिन्ही कचऱ्याचे. गाझीपूरचा ढीग २०१९ मध्ये ६५ मीटरच्या आसपास पोचला होता. कुतुबमिनार ७३ मीटरचा आहे. १ सप्टेंबर २०१७ रोजी हा ढीग कोसळला आणि माणसे दगावली. चंगळवादाचे याहून स्पष्ट स्मारक कोणते? या पहाडगंजातल्या शेकडो हॉटेलांतून रोज निघणाऱ्या बाटल्या आणि पिशव्या कोणीतरी उचलते, निवडते, विकते. त्या माणसाला आपण कामगार म्हणत नाही.

पुण्यात तसे म्हटले गेले. १९९३ मध्ये तिथे कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. हमालांचे नेते बाबा आढाव यांचे पाठबळ तिला मिळाले. कचरा वेचणाऱ्या बाया, बहुतेक दलित समाजातल्या, म्हणाल्या की आम्ही भिकारी नाही, आम्ही शहराचे काम करतो. त्यांनी ओळखपत्र मागितले आणि मिळवले. ओला-सुका कचरा घरातच वेगळा करून द्या, म्हणजे उकिरड्यात हात घालावा लागणार नाही, असे त्यांनी लोकांना सांगितले. पुढे २००८ मध्ये महापालिकेशी करार करून त्यांची ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था दारोदारचा कचरा उचलू लागली. कागद पुन्हा कागद झाला, पत्रा पुन्हा पत्रा झाला. शहराचे ओझे हलके झाले आणि बाईच्या हाती हक्काचे पैसे आले. त्यांची लढाई संपलेली नाही. कंत्राटदारांची नजर त्या कामावर असतेच. पण दिल्लीच्या कारखान्यांत आणि पुण्याच्या कचऱ्यात जो फरक पडला, तो आपण नीट समजून घेऊ या. दिल्लीत हवा साफ करण्याचा निर्णय कामगाराला बाजूला ठेवून झाला. पुण्यात कामगार बाई स्वतःच तो निर्णय घेऊन पुढे आली.

साधी राहणी आपल्याला कोणी शिकवायला नको. जुन्या लुगड्याची गोधडी शिवणाऱ्या आईची आपण लेकरे आहोत. पण आम्ही गरिबीचे गोडवे गात नाही. ज्याच्या घरी एकच पंखा आहे त्याने तो बंद करावा आणि ज्याच्या बंगल्यात दहा खोल्या थंड होतात त्याने भाषण द्यावे, हा न्याय आम्हाला मान्य नाही. काटकसर वरून सुरू व्हावी.

म्हणून या मेळाव्यापुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. प्रदूषणासाठी काम थांबवले, तर मजुरी थांबता कामा नये. कंत्राटी आणि रोजंदारी कामगाराचे नाव नोंदीत आलेच पाहिजे, कारण उद्याची प्रत्येक भरपाई त्या नोंदीवरून ठरणार आहे. प्रत्येक मागणीपत्रात पगारासोबत हवा, पाणी आणि उन्हाळ्यातल्या विश्रांतीचे कलम असावे. भत्ता घेऊन विष सोसण्याची पद्धत आपण बंद करू. आणि चौथी गोष्ट आपल्या हातातली आहे. उद्या सकाळपासून आपल्या घरातला कचरा वेगळा करा आणि तो उचलणाऱ्याला नावाने हाक मारा. जमले तर त्याला आपल्या पुढच्या सभेला घेऊन या.

भाकरी आधी की हवा आधी, हा प्रश्न ज्यांना दोन्ही मिळते त्यांनी आपल्याला घातला आहे. आपण तो स्वीकारण्याचे कारण नाही. एक घास खायलाही दम लागतो आणि दम घ्यायलाही घास लागतो. आपण दोन्ही मागू, एकत्र मागू आणि मिळेपर्यंत मागत राहू.

जय कामगार!