गोळी आधी, कारण मागून



सर्पगंधेची मुळी आपल्याकडच्या वैद्यांच्या चांगल्या ओळखीची. झोप उडाली, डोकं फिरलं, साप चावला, की ही मुळी निघायची. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन पाहिली आणि १९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये आपला अनुभव मांडला. रक्तदाब खरोखरच उतरत होता. तीन वर्षांनी स्वित्झर्लंडमधल्या रसायनतज्ज्ञांनी या मुळीतलं द्रव्य वेगळं काढलं. त्याचं नाव रेसरपिन. देशोदेशी ते दिलं जाऊ लागलं आणि मागोमाग एक वेगळीच तक्रार डॉक्टरांच्या कानावर येऊ लागली. रक्तदाब ताब्यात आहे, पण माणूस मलूल झालाय, कशातच त्याचं मन लागत नाही.

त्याच सुमारास न्यूयॉर्कच्या सी व्ह्यू रुग्णालयात नेमकं उलटं घडत होतं. तिथे क्षयाच्या रुग्णांवर इप्रोनियाझिड नावाचं नवं औषध वापरून पाहत होते. महिनोन्‌महिने खाटेला खिळलेली माणसं एकाएकी उठून बसली, जेवण वाढवून मागू लागली, व्हरांड्यात नाचूही लागली. त्यांचे फोटो वर्तमानपत्रांत झळकले. फुप्फुसं पुरती बरी झालेली नव्हती, पण स्वारी खुशीत होती.

एक औषध माणसाला खाली ओढतं, दुसरं वर उचलतं. असं का? प्रयोगशाळेत उत्तर मिळालं. चेतापेशी ज्या रसायनांतून एकमेकींना निरोप धाडतात, त्या सिरोटोनिन, नॉरॲड्रिनॅलिन यांसारख्या द्रव्यांचा साठा रेसरपिन रिकामा करतं. इप्रोनियाझिड मात्र ही द्रव्यं मोडणाऱ्या विकराला अडवतं. मग नैराश्य म्हणजे या रसायनांचा तुटवडा, हा तर्क ओघानंच आला. आधी औषध सापडलं, मग त्यावरून आजाराचं कारण मागे मागे शोधत नेलं.

१९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना विभागून मिळाला, त्यांत सर्पगंधेसाठी डॉ. वकील होते आणि रेसरपिन मनोरुग्णांवर वापरणारे डॉ. नेथन क्लाइनही होते. त्याच वर्षी क्लाइन यांनी इप्रोनियाझिड नैराश्यावर चालतं, असं जाहीर केलं. तिकडे स्वित्झर्लंडमध्ये रोलँड कून यांनी इमिप्रामिन हे औषध स्किझोफ्रेनियासाठी वापरून पाहिलं होतं. तिथे ते निकामी ठरलं, नैराश्यावर मात्र लागू पडलं.

नैराश्यावर आज सर्वाधिक लिहून दिल्या जाणाऱ्या गोळ्या त्यानंतरच्या पिढीतल्या. त्यांतली गाजलेली फ्लुओक्सेटिन. तिला अमेरिकेत १९८७ च्या डिसेंबरात परवानगी मिळाली. तिचं काम समजायला मेंदूत जरा जवळून डोकवायला हवं. दोन चेतापेशी एकमेकींना चिकटलेल्या नसतात, मध्ये फट असते. केसाच्या जाडीचे काही हजार भाग केले, तर त्यातल्या एका भागाएवढी. अलीकडची पेशी त्या फटीत सिरोटोनिन सोडते, पलीकडची ते टिपते आणि उरलेलं अलीकडचीच पेशी परत ओढून घेते. ही गोळी ते परत ओढणं रोखते. सिरोटोनिन फटीत जास्त वेळ राहतं.

हे काही तासांत घडतं. रुग्णाला बरं वाटायला मात्र दोन ते चार आठवडे, कधी त्याहून जास्त लागतात. नुसता तुटवडाच असता, तर सकाळी घेतलेल्या गोळीनं संध्याकाळी चेहरा उजळायला हवा होता.

या उशिराचं एक कारण असं सांगतात : सिरोटोनिन सोडणाऱ्या पेशीवरच त्याची पातळी जोखणारे पहारेकरी असतात. फटीत गर्दी दिसली, की ते नवा पुरवठा आवळतात. रोज गोळी चालू राहिली, तर काही आठवड्यांत हे पहारेकरी ढिले पडतात. दरम्यान, चेतापेशींच्या जोडण्या पोसणारी प्रथिनं वाढतात, नव्या जोडण्या होऊ लागतात, असंही प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलंय. शरीरातलं बहुतेक सिरोटोनिन असतं आतड्यात. म्हणून मन हलकं होण्याआधी मळमळच गाठते आणि बरेच जण सुरुवातीलाच गोळी सोडतात.

तुटवड्याचा तर्क आता पार खिळखिळा झालाय. रेसरपिनच्या जुन्या नोंदी पुन्हा चाळल्या, तेव्हा त्यांतल्या बहुतेक रुग्णांना नैराश्य नव्हे, तर गुंगी आणि थकवा होता, असं दिसलं. लंडनच्या संशोधकांनी २०२२ साली आधीच्या अभ्यासांचा आढावा घेतला, तेव्हा नैराश्यात सिरोटोनिन घटतं याला भक्कम पुरावा मिळाला नाही. म्हणून गोळ्या कुचकामी ठरतात का? नाही. ‘लॅन्सेट’मध्ये २०१८ साली ५२२ चाचण्यांची आणि एक लाख सोळा हजारांहून अधिक रुग्णांची छाननी छापून आली. तपासलेली सगळी २१ औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. सरासरी फरक मात्र माफक होता.

गोळी सुरू करताना डॉक्टर दोन गोष्टी बजावतात. पहिल्या काही आठवड्यांत, विशेषतः पंचविशीच्या आतल्या रुग्णाकडे, घरच्यांनी लक्ष ठेवायचं. त्याच्या मनात जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार वाढले, तर लगेच कळवायचं. आणि बरं वाटलं म्हणून गोळी एकदम बंद करायची नाही. तसं केलं, तर चक्कर येते, अंगात वीज चमकल्यासारखं होतं. म्हणून गोळी पायरीपायरीनं कमी करतात. कुणाशी बोलावंसं वाटलं, तर सरकारची ‘टेली-मानस’ सेवा आहे. क्रमांक १४४१६. फोन चोवीस तास चालू असतो आणि मराठीतूनही बोलता येतं.